भरती उतरेपर्यंत

बायकोच्या सँडलचा पट्टा तुटला आणि तिनं माझ्यापुढे हात पसरला. तुमच्या त्या पोतडीत बांधायला काहीतरी असेलच, म्हणाली. पोतडी म्हणजे माझा कमरेचा पाउच. सुट्टीवर येताना तो आणायचा नाही असं घरी ठरलं होतं. तरी मी आणला होता आणि तिनं तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की असं न पाहणं जमायला लागतं. मी चेन ओढली. टेस्टर, छोटा पाना, टेपचं भेंडोळं, लाल जंपर. टेप काढून मी तिच्या हातात दिली, चेन लावली आणि लगेच पुन्हा उघडली. जंपर एकच होता. माझ्याकडे जंपर दोन असतात. मी पाउच उलटा करून वाळूवर रिकामा केला. त्याच्या शिवणीत बोट घालून पाहिलं, शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे चारही खिसे पाहिले. ती वाकून सँडलला टेप गुंडाळत होती. "सापडलं का?" तिनं विचारलं. काय हरवलंय हे तिला माहीत नव्हतं, पण माझी हालचाल तिच्या ओळखीची होती. मी म्हणालो, काही नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. जंपर म्हणजे हातभर लांबीची, दोन्ही टोकांना चिमटे असलेली वायर. प्रत्येक मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराला एक कॉन्टॅक्ट असतो. दार नीट लागलं तरच तो जुळतो आणि लिफ्ट हलते. एखाद्या दारात बिघाड झाला की त्याचा कॉन्टॅक्ट आम्ही तात्पुरता जंपर लावून जोडतो. मग लिफ्टची समजूत होते की दार बंद आहे. दार सताड उघडं असलं तरी ती तसंच समजते आणि चालू लागते. काम संपलं की जंपर काढायचा. बाकी काहीही विसरलं तर लोक शिव्या घालतात, हे विसरलं तर माणूस मरतो. म्हणूनच तो लाल असतो, लांब असतो आणि मोजलेला असतो.

ती जागा सुंदर होती, यात वाद नाही. ज्यांनी आम्हाला तिथे पाठवलं त्या लेकीनं आणि जावयानं फोटो दाखवले होते तेव्हा मला वाटलं होतं, रंग वाढवले असतील. वाढवले नव्हते. वाळू चाळलेल्या मैद्यासारखी पांढरी आणि बारीक होती, टाच टेकली की किंचित कुरकुरायची. पाणी काठाशी इतकं नितळ होतं की आपल्याच पायांच्या नखांकडे बघत राहावं, आणि पुढे ते फिक्या बाटलीच्या रंगाचं होत जायचं. झाडं थेट वाळूपर्यंत उतरली होती. राष्ट्रीय उद्यानाचा नियम असा की दिवसाला चाळीसच माणसं आत सोडायची, आणि त्यातली बहुतेक अलीकडच्या किनाऱ्यावरच थांबतात. पुढच्या किनाऱ्यावर यायचं तर फाटकापासून तासभर जंगलातून चालायचं आणि मग खाडीचा एक फाटा ओहोटीत गुडघाभर पाण्यातून ओलांडायचा. सकाळी फाटकावरच्या वनरक्षकानं आमची नावं वहीत लिहिली, पाण्याच्या बाटल्या मोजल्या आणि बजावून सांगितलं, नऊनंतर पाणी चढेल, मग चारपर्यंत परत येता येणार नाही, फोनही लागणार नाही. बायकोला ते फारच आवडलं. चारपर्यंत कोणी आपल्याला हात लावू शकत नाही, असं ती तीनदा म्हणाली. आम्ही साडेआठला फाटा ओलांडला होता. आता बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

काल संध्याकाळचं मी डोळ्यांसमोर आणायला लागलो. सहा मजल्यांची इमारत, जुनी लिफ्ट, मजल्यांवर हातानं ओढून उघडायची लोखंडी दारं, लिफ्टला आतून दारच नाही. चौथ्या मजल्याचा खटका झिजला होता, दार लागलंय असं वाटायचं पण कॉन्टॅक्ट जुळायचा नाही, आणि सगळी लिफ्ट बसून राहायची. माझा जोडीदार रजेवर, म्हणून मी एकटाच. मी चौथ्याच्या कॉन्टॅक्टला जंपर लावला, लिफ्ट चालली, म्हणजे बिघाड तिथेच. खटका घासून साफ केला, स्प्रिंग ताणली, कॉन्टॅक्टची टोकं पुसली. मग बायकोचा फोन आला. टोपी घेतली नाहीत अजून, दुकान सातला बंद होतं, पहाटे निघायचंय, मला उन्हात बसवणार आहात का. मी हो हो म्हणालो. मग लिफ्ट खालीवर चालवून पाहिली, दोन वेळा, सगळे मजले. व्यवस्थित चालली. मी सही केली आणि टोपी आणायला गेलो. टोपी आता तिच्या डोक्यावर होती, पिवळी, रुंद काठाची, तिला शोभत होती. जंपर आधी काढला आणि मग लिफ्ट चालवली, की चालवली तेव्हा तो लावलेलाच होता? लावलेला असेल तर लिफ्ट चालणारच. मी केलेली दुरुस्ती गेली खड्ड्यात, दार उघडं असो की बंद, ती चालणारच. माझा पेपर मीच फोडलेला. मला चिमट्याचा दाब बोटांत आठवत होता, पण तो लावतानाचा की काढतानाचा, ते बोटं सांगत नव्हती. अठ्ठावीस वर्षांत तो चिमटा मी दहा हजार वेळा तरी दाबला असेन.

आता हे सांगितलं पाहिजे की माझ्यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता. धंद्यात माझं नाव परतसाहेब. काम संपवून निघालो की अर्ध्या वाटेतून परत जायचं, मशीन रूमचं कुलूप उघडायचं, पुन्हा पाहायचं, पुन्हा लावायचं. मेहुण्याच्या लग्नात पंगत बसली असताना मी उठून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, जंपर राहिलाय म्हणून, आणि जंपर माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, अत्तराच्या बाटलीशेजारी. सासरी ती गोष्ट अजून सांगतात, दरवेळी तिला नवी शेपटी लावून. पुढे पुढे मी दोनदा परतायला लागलो, मग तीनदा, घरी जेवण गार व्हायचं, मग बायको माझ्याशिवाय जेवायला लागली, मग लेक एकदा म्हणाली, बाबा घरी असतात तेव्हाही तिकडेच असतात. तेव्हा डॉक्टर गाठला. शांत माणूस, काळ्या चौकटीचा चष्मा. त्यानं सांगितलं की विचार येईल, येऊ द्या, त्याच्यामागे धावू नका. एकदा पाहायचं, एकदाच, आणि निघायचं. बसून राहिलात की अर्ध्या तासात तो आपसूक विरतो. आठ महिने मी ते पाळलं होतं. आठ महिन्यांत एकदाही परतलो नव्हतो. ही सुट्टी त्याचंच बक्षीस होतं. पूर्वीचा मी असतो तर काल सातला जिना चढून पुन्हा गेलो असतो आणि हा प्रश्नच आला नसता. म्हणजे मी बरा झालो म्हणून विसरलो, की बरा झालोच नाही म्हणून मला तसं वाटतंय? मी वाळूत बसलो आणि घड्याळ लावून अर्धा तास विचार येऊ दिला. तो आला आणि बसला. विरला नाही. अर्ध्या तासानं तो आणखी खुलासेवार झाला होता.

कारण चौथ्या मजल्यावर बाई राहत होत्या. त्या मजल्यावरचं दुसरं घर बंदच असतं. बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या, पस्तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेल्या. निवृत्तीनंतर तीनचार वर्षांत डोळे गेले. माझ्याशी त्यांची ओळख तक्रारीतून झाली. त्या फोन करून सांगायच्या, तुमची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर खोकते. मी जायचो, काही सापडायचं नाही, आणि महिन्याभरानं तिथेच बेअरिंग जायचं. रोज चारला त्या खाली उतरायच्या, कोपऱ्यावरच्या बाकावर तासभर बसायला. त्यांची एक खोड होती, जिच्यावरून सगळी इमारत करवादायची. आधी लिफ्ट बोलवायच्या, दार उघडायच्या, दाराला आपली पिशवी टेकवून ते उघडं ठेवायच्या, आणि मग सावकाश परत जाऊन घराला कुलूप लावायच्या. चाचपत, दोनदा ओढून बघत. तोवर लिफ्ट अडकलेली. खालचे लोक बटणं दाबून दाबून थकायचे. मी एकदा त्यांना हसत म्हणालो होतो की बाई, दार उघडं आहे तोवर तुमची लिफ्ट कोणी पळवून नेऊ शकत नाही, चिंता करू नका. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर मी असं करते. माझ्या शब्दावर त्या असं करत होत्या. आज चारला त्या दार उघडतील, पिशवी टेकवतील, कुलूप लावायला वळतील. तळमजल्यावर कोणीतरी बटण दाबेल. लिफ्ट उघडं दार मागे टाकून निघून जाईल. आणि बाई कुलूप ओढून बघून वळतील, लिफ्टपर्यंतची रोजची सहा पावलं मोजतील.

बायकोनं डबा उघडला. मी घास तोंडात फिरवत राहिलो, गिळला जाईना. ती बोलत होती, लेकीला एक मुलगा हवाय आणि जावयाला मुलगी, किंवा उलट, मला नीट ऐकू आलं नाही. मग ती आडवी झाली, टोपी तोंडावर ओढून. एक खेकडा तिच्या पायापाशी आला, थांबला, आडवा पळून गेला. मी फाट्यापर्यंत गेलो. सकाळी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आता रुंद, गुळगुळीत, वाहतं पाणी होतं, तळ दिसत नव्हता, आणि पलीकडचं झाड फार लांब वाटत होतं. मला पोहता येतं ते तळ्यापुरतं. मी परत आलो. पुन्हा गेलो. पुन्हा आलो. पांढऱ्या वाळूवर माझ्या येण्याजाण्याची एक पायवाट पडली, आणि ती पाहून मला स्वतःची शिसारी आली. इतक्या मोकळ्या जागेत येऊनही मी मशीन रूमचा जिनाच चढउतार करत होतो. लाट यायची, जायची, कुठे काही घाई नव्हती. वारा नव्हता. त्या शांततेत मला दाराची कडी वाजल्यासारखी ऐकू येत होती. वायर घरी कामाच्या पँटमध्ये असेल. धुवायला टाकलेल्या. असेलच. पण मी खिसे रिकामे करून टाकतो. काल केले का? काल टोपीच्या गडबडीत होतो. सव्वादोन वाजले.

"हा तोच विचार आहे का?" बायको उठून बसली होती. तिच्या गालावर वाळू चिकटली होती. किती वेळ ती टोपीखालून माझ्याकडे बघत होती, कोण जाणे.

मी म्हणालो, मला कळत नाहीये. हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो. पूर्वी मला नेहमी खात्री असायची, वायर राहिली आहे याची शंभर टक्के खात्री, आणि ती नेहमी खोटी निघायची. आज खात्री नव्हती. डॉक्टरांनी काय सांगितलंय, असं तिनं विचारलं नाही. ते तिला पाठ होतं. तिनं विचारलं, तिथे राहतं कोण. मी बाईंबद्दल सांगितलं, पिशवी, कुलूप, चार वाजता, सगळं. ती ऐकत असताना डब्याचं झाकण हातात धरून बसली होती. मग तिनं झाकण लावलं, चादर झटकली, घडी केली, पिशवीत भरली.

"अगं, पाणी आहे अजून."

"असू दे. छातीपर्यंत असेल. चला." आणि पिशवी डोक्यावर घेत म्हणाली, "तिथे वायर राहिलेली नसली ना, तर मात्र आयुष्यभर ऐकवेन. हे लक्षात ठेवून चला."

पावणेतीनला आम्ही पाण्यात शिरलो. ती पुढे, मी मागे, पिशवी तिच्या डोक्यावर, माझा फोन माझ्या टोपीत. मध्यावर पाणी तिच्या खांद्याला लागलं आणि पायाखालची वाळू सरकायला लागली. तिनं मागे न बघता हात मागे केला. मी तो धरला. मला पाण्याची भीती वाटली नाही, आणि ही फारशी अभिमानाची गोष्ट नाही, कारण भीतीची सगळी जागा आधीच भरलेली होती. बायको वाहून गेली असती तरी मला ते क्षणभर उशिरा कळलं असतं. हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं, तिचा हात हातात असताना, आणि मी तो आणखी घट्ट धरला. पलीकडे चढलो तेव्हा टेप लावलेला सँडल पाण्यात गेला होता. ती म्हणाली, चालते तशीच. जंगलातल्या वाटेवर मुळं होती, काटे होते. तासाची वाट, तिचा एक पाय अनवाणी. मी दर वळणावर फोन बघत होतो. तीन पंचवीस. तीन चाळीस. ती म्हणाली, तुम्ही पुढे पळा. मी पळालो नाही. थोडं चाललो आणि मग पळालो. चार वाजले तेव्हा मी एका पायवाटेच्या चढावर होतो, दोन्ही बाजूंना उंच झाडं, कुठला तरी पक्षी एकच सूर धरून बसलेला, आणि मी थांबलो. का थांबलो सांगता येत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बाईंची सहा पावलं मी तिथे उभ्या उभ्या मोजली. मग पुन्हा पळालो.

फाटकाजवळ आलो आणि हातातला फोन थरथरला. एकदा थरथरून थांबला नाही, थरथरतच राहिला. न लागलेल्या फोनचे निरोप एकामागून एक येत होते. चौथा मजला. चौथा मजला. चौथा मजला. बाईंचा नंबर मी त्याच नावानं साठवला होता. सात वेळा. पहिला चार वाजून तीन मिनिटांनी, शेवटचा चार वाजून सोळा मिनिटांनी. आता चार वीस होत होते. मेलेलं माणूस फोन करत नाही, इतकं साधं गणितही मला सुटेना. त्यांच्या फोनवरून दुसरं कोणीही बोलत असेल. वनरक्षक वही पुढे करत काहीतरी म्हणाला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि नंबर लावला.

पहिल्याच घंटीला बाई बोलल्या. "कुठे होता तुम्ही? लिफ्ट दार उघडं टाकून गेली."

मी फाटकाच्या खांबाला टेकलो. त्या ऑपरेटरच्या थाटात, न थांबता सांगत होत्या. कुलूप लावून वळल्या तर घरघर खाली खाली चाललेली ऐकू आली. दार उघडं असताना लिफ्ट हलायलाच नको होती. म्हणून काठी पुढे केली, तर काठीला खाली काहीच लागलं नाही. दार ओढून घेतलं तर खटका धरेना, सोडलं की पुन्हा उघडतं. मग घरातलं स्टूल आणून त्या दाराला पाठ लावून बसल्या, कोणी यायचं आणि पडायचं, म्हणून. वॉचमन वर आलाय, पण त्याचं म्हणणं, लिफ्ट खाली नीट चाललीय, तुम्हाला भास झाला असेल. गेली पंधरा मिनिटं तो हेच समजावतोय.

मी म्हणालो, त्याला फोन द्या. त्याला सांगितलं, खाली जा, लिफ्ट तळमजल्यावर आण, आत कोणी नाही ते बघ आणि मेन बंद कर, काही विचारू नकोस. तो कुरकुरत गेला. त्याच्या चपला जिन्यावर उतरताना ऐकू आल्या. बाई पुन्हा फोनवर आल्या.

"बाई," मी म्हणालो, "चूक माझी आहे. काल मी वायर काढायला विसरलो. दाराची सुरक्षाच बंद होती." माझा आवाज मला परका वाटला. नोकरी जाणार होती, ते मला दिसत होतं. तरीही मी ते शब्द स्पष्ट बोललो, आणि पुन्हा एकदा बोललो.

"म्हणजे मला भास झाला नव्हता," बाई म्हणाल्या.

"नाही."

"खरंच गेली होती ती."

"खरंच गेली होती."

त्यांनी श्वास सोडला आणि त्या हसायला लागल्या. अगदी मोकळं, पोरीसारखं. इतका वेळ दाराला पाठ लावून बसले, म्हणाल्या, आणि मनात एकच, की आता हेही गेलं का माझं, आता घरीच बसायचं का. पडले असते तर निदान कळलं तरी असतं, अशा विचारापर्यंत आले होते. बरं केलंत सांगितलंत. आणि मी, ज्याच्यामुळे त्या आज चार मजले खाली पडणार होत्या, त्यांच्याबरोबर हसत होतो. माझ्या आत जे उसळलं होतं ती सुटका नव्हती आणि पश्चात्तापही नव्हता. तो आनंद होता. वायर होती. मी वेडा नव्हतो. इतक्या वर्षांत एकदा तरी वायर खरोखर राहिली होती आणि ते मला कळलं होतं. मला त्या आनंदाची लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. पण तो जाईना.

बायको तेवढ्यात झाडांतून बाहेर आली. ओले कपडे, एक पाय उघडा, त्यावर रक्ताची बारीक रेघ. तिनं मला हसताना पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले. ती लंगडत जवळ आली, कपाळावर हात मारून घेतला, आणि तिच्याही चेहऱ्यावर हसू यायला लागलं, मेहुण्याच्या लग्नातलं, सव्वीस वर्षांचं, थकलेलं.

"नव्हती ना?" ती म्हणाली.

मी फोनवर हात ठेवला. "होती," म्हणालो. तिचं हसू तिथल्या तिथे थिजलं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण मी अजून हसतच होतो.